टीव्हीवर बांधून मिळालेलं घर तेराव्या महिन्यात कसं असतं?

गरजू कुटुंबाला आठवड्याभरात नवं घर बांधून देणारे कार्यक्रम परदेशात वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. आता तोच साचा आपल्याकडे यूट्यूबवर आणि रीलमध्ये आलाय. आधी गळका पत्रा आणि डोळे पुसणारी आजी, मग घण, मग रंगवलेल्या भिंती आणि टाळ्या. हे पाहताना अनेकांना शंका येते. रडणं खरं होतं का? शूटिंग संपल्यावर सोफा आणि टीव्ही परत नेले का? सगळं आधीच ठरलेलं होतं का?

शंका घेणं योग्यच आहे. फक्त यातल्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं घरी बसून मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्या कुटुंबाला त्याचा उपयोग नसतो. काँक्रीट किती दिवस भिजलं, उताऱ्यावर नाव कोणाचं आहे, पाणी साठवायची सोय किती आणि वीजबिल कोण भरणार, हे प्रश्न मात्र कोणालाही विचारता येतात, तपासता येतात. घर टिकतं की नाही हे त्यांच्यावर ठरतं.

सात दिवस खरे असतात, पण मोजायला उशिरा सुरुवात होते

या प्रकारातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम म्हणजे अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरचा ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’. डिसेंबर 2003 मध्ये तो सुरू झाला आणि 2012 पर्यंत चालला. कुटुंबाला आठवडाभर सहलीला पाठवायचं आणि तेवढ्यात जुनं घर पाडून नवं उभं करायचं, अशी त्याची रचना. मजुरी आणि साहित्य बहुतांशी स्थानिक बांधकाम कंपन्या आणि पुरवठादार देणगी म्हणून देत. सिअर्स ही दुकानांची साखळी मोठी प्रायोजक होती, त्यामुळे तिची उपकरणं पडद्यावर ठळक दिसत.

सात दिवसांचा दावा खोटा नव्हता. पण नकाशे, परवानग्या, साहित्याची मागणी हे सगळं कॅमेरा सुरू होण्याआधीच झालेलं असे. मग शेकडो माणसं पाळ्या लावून रात्रंदिवस काम करत. आणि मुख्य म्हणजे तिथलं घर लाकडी सांगाड्याचं असतं. छपराच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) कारखान्यातून तयार येतात, आतल्या भिंती जिप्समच्या पाट्यांच्या असतात. पाया सोडला तर भिजवून वाळवायचं काम फारसं उरत नाही, म्हणून माणसं वाढवली की वेळ खरोखर कमी होतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीवर 1999 पासून चालू असलेल्या ‘डीआयवाय एसओएस’मध्येही स्थानिक गवंडी, सुतार, प्लंबर स्वेच्छेनं काम करतात. तिथे बऱ्याचदा असलेलंच घर दुरुस्त करून, अपंग व्यक्तीला वावरता येईल असं बदललं जातं. दारं रुंद करायची, न्हाणीघर खाली आणायचं. आमच्या मते मदतीचा हा प्रकार जास्त उपयोगी आहे, कारण त्यात गरज आधी मोजलेली असते.

सोलापुरात आठवड्यात स्लॅबचं घर का होत नाही

आपली घरं विटा, सिमेंट आणि पाण्याची. सिमेंट वाळत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. ती क्रिया पाळ्या वाढवून उरकता येत नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, तीही त्याला रोज पाणी मिळालं असेल तर.

भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारायचं. कोरड्या, कडक उन्हात किमान 10 दिवस. फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट असेल, आणि आज बाजारात बहुतेक गोण्या त्याच असतात, तर 14 दिवस धरणं बरं. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडलेलं पाणी तासाभरात उडून जातं. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे बांध घालून आळी करायची आणि त्यात पाणी साठवून ठेवायचं. बीम आणि कॉलमला ओली पोती गुंडाळायची.

सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचं आणि टेकूंचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत 14 दिवस, त्यापुढे 21 दिवस. व्हिडिओत सोमवारी स्लॅब पडला आणि शुक्रवारी त्याच खोलीत फर्निचर लागलं असेल, तर एक तर मधले आठवडे कापलेत, नाहीतर टेकू वेळेआधी काढलेत. पहिल्या गोष्टीत काही वाईट नाही, फक्त तसं सांगायला हवं. दुसरी धोक्याची आहे. स्लॅब मध्ये झोळतो, खालून केसासारख्या भेगा पडतात, आणि पुढच्या पावसात तिथूनच सळईपर्यंत पाणी जातं.

गिलाव्याला आठवडाभर पाणी आणि मग सुकायला तीन-चार आठवडे द्यायचे, त्यानंतर पुट्टी आणि रंग. ओल्या गिलाव्यावर पुट्टी ओढली की कॅमेऱ्यासमोर भिंत गुळगुळीत दिसते. दोन-तीन महिन्यांत फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि घरच्यांना वाटतं की आपणच भिंत नीट ठेवली नाही.

आणखी एक गोष्ट पडद्यावर जवळजवळ कधीच दिसत नाही, ती म्हणजे जमीन. सोलापूरच्या आसपास काळी माती बरीच आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जागी पाया काळ्या मातीचा थर ओलांडून खाली कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि सगळ्या भिंतींखालून सलग प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) लागतो. जोत्याच्या आतली काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून ठोकायचा, मग सोलिंग (दगडांचा थर) आणि फरशी. ही कामं दिसत नाहीत म्हणून त्यांवर पैसे वाचवले जातात. मग वर्षभरात दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

पत्रा काढून स्लॅब: सगळ्यांत जास्त टाळ्या, सगळ्यांत जास्त धोका

‘आधी पत्रा, आता स्लॅब’ हे दृश्य लोकांना फार भावतं. साहजिक आहे, पत्र्याखालचा सोलापुरी उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला ते सांगावं लागत नाही. पण थोडा हिशेब करून पाहा.

500 चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण 5.8 घनमीटर काँक्रीट. एम-20 प्रतीच्या मिश्रणाला घनमीटरला आठ गोण्या धरल्या, तर एकट्या स्लॅबला 46-47 गोण्या सिमेंट. सळई घनमीटरला 80 किलोच्या अंदाजानं साडेचारशे किलोच्या पुढे. आणि या सगळ्याचं वजन साडेचौदा टनांच्या आसपास. पत्रा आणि त्याखालचे लोखंडी पाइप मिळून याच्या अगदी थोड्या अंशाइतके भरतात.

हे वजन कशावर ठेवलं? खाली नवे कॉलम आणि त्यांचा पाया असेल तर ठीक. पण मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतीवर, किंवा चार इंची विटेच्या भिंतीवर ते ठेवलं असेल तर ती मदत माणसांच्या जिवावर उठू शकते. म्हणून व्हिडिओत गोण्यांचा ढीग पाहा, कॉलमचे खड्डे दिसतात का पाहा. ‘500 फुटांचं अख्खं घर’ आणि कोपऱ्यात पंधरा गोण्या, हे गणित जुळत नाही.

जुन्या भिंती ठेवायच्याच असतील तर स्लॅबचा हट्ट सोडलेला बरा. उष्णतारोधक थर असलेला पत्रा, त्याला पुरेसा उतार, भिंतीच्या वरच्या भागात समोरासमोर झरोके आणि वरून पांढरा उष्णता परतवणारा रंग एवढ्यानं खोली बरीच सुसह्य होते. गावाकडचं माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) धड असेल तर ते पाडण्याआधीही दहादा विचार करावा. मातीचा जाड थर दुपारची उष्णता आत यायला वेळ लावतो. त्याला दरवर्षी वरून पांढरी माती टाकून निगा राखणारं माणूस मात्र हवं. दुरुस्त केलेलं माळवद कॅमेऱ्यात नवं दिसत नाही, हीच त्याची अडचण.

घरात काय चालतं हे कोणी विचारलं का?

सोलापूरच्या पूर्व भागात घर म्हणजे नुसती राहायची जागा नसते. कुठे यंत्रमाग घरातच असतो. कुठे बायका दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. त्यांना उजेडाची, जमिनीवर ऐसपैस बसायची जागा लागते, पानं भिजवायला आणि ओली ठेवायला कोपरा लागतो, तंबाखूचा वास साचू नये म्हणून वारा लागतो. बाहेरून आलेला सजावटकार त्या जागी सोफा, काचेचं टेबल आणि पीओपीचं छत करून जातो. फोटो सुंदर येतो, आणि दुसऱ्या दिवशी विडी वळायला जागा नसते. माग काढून बैठकीची खोली केली तर त्या घराचं उत्पन्नच गेलं. माग ठेवला तर त्याची थरथर सोसेल असा वेगळा काँक्रीटचा ओटा आणि स्वतंत्र वीजजोडणी हवी.

पाण्याचं तर विचारूच नका. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरलं तर पाच माणसांना दिवसाला 675 लिटर आणि पाच दिवसांच्या खंडाला 3,375 लिटर. म्हणजे जमिनीखाली साडेतीन हजार लिटरची टाकी, वर पाचशे लिटरची, आणि मध्ये अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. हे नसेल तर शॉवर, कमोड आणि चकचकीत नळ असलेलं न्हाणीघर पहिल्याच आठवड्यात प्लास्टिकच्या पिंपांनी भरून जातं. अशा कार्यक्रमात टाकीचा खड्डा खणताना दिसला तर समजावं की कोणीतरी त्या कुटुंबाशी खरंच बोललंय.

दान मिळालं, आता बिलं

वर उल्लेख केलेल्या अमेरिकी कार्यक्रमात एक मोठी तक्रार हीच होती. घरं आलिशान झाली, त्यामुळे मालमत्ता कर, वीज आणि देखभाल कुटुंबाच्या कमाईबाहेर गेली. जॉर्जिया राज्यातल्या एका कुटुंबाला 2005 मध्ये सुमारे 5,300 चौरस फुटांचं घर मिळालं. अठराशेच्या आसपास स्वयंसेवक राबले, शिक्षणासाठी आणि घराच्या देखभालीसाठी अडीच लाख डॉलरची मदतही जमली. त्यांनी ते घर तारण ठेवून साडेचार लाख डॉलरचं कर्ज काढलं, त्यातून सुरू केलेला व्यवसाय बुडाला आणि 2008 मध्ये घर जप्तीला आलं. निर्णय कुटुंबाचा होता हे खरंच. तरी बेताची आवक असलेल्या माणसाच्या हातात एकदम एवढी मोठी तारणयोग्य वस्तू दिली की काय होऊ शकतं, याचा विचार देणाऱ्यानं करायला हवा होता.

कुटुंबं निवडली कशी जातात यावरही तिथे वाद झाला. 2006 मध्ये त्या कार्यक्रमाचा एक ईमेल बाहेर आला, त्यात अमुक-अमुक दुर्मिळ आजार असलेली कुटुंबं शोधा अशी यादी होती. गोष्ट जितकी हृदयद्रावक, तितकी संधी जास्त. गळक्या पत्र्याखाली राहणारं पण विशेष गोष्ट नसलेलं कुटुंब अशा चाळणीतून बाहेरच पडतं.

आपल्याकडची बिलं पाहू. महिन्याला 80 युनिट वापरणाऱ्या घरात दीड टनाचा एसी बसवला आणि रात्री आठ तास चालवला, तर इन्व्हर्टर एसी असला तरी दिवसाला दहाएक युनिट, महिन्याला तीनशे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात, शंभर युनिटांपुढचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीच्या आसपास जातो आणि तीनशेच्या पुढे आणखी वाढतो. म्हणजे वापर पावणेपाचपट झाला तर बिल त्याहून कितीतरी जास्त पटींनी वाढतं. मंजूर भार, म्हणजे जोडणीवर मंजूर असलेली विजेची क्षमताही वाढवून घ्यावी लागते. न घेता एसी लावला तर जुनी वायर तापते.

नवं बांधकाम झालं की महापालिका घराची कर आकारणी पुन्हा करते. परवानगीशिवाय मजला चढवला असेल तर शास्ती लागू शकते, ती मालकाच्या नावावर निघते. कार्यक्रम करणाऱ्यांच्या नाही.

आयकराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त रोख मदत मिळाली तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. घर किंवा जागा फुकट नावावर झाली तर तिच्या मुद्रांक मूल्यालाही तोच नियम आहे. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेकडून मदत आली तर सूट असते. म्हणून पैसे व्हिडिओ बनवणाऱ्याच्या खात्यातून आले की नोंदणीकृत संस्थेच्या, यानं फार फरक पडतो. स्पर्धेतलं बक्षीस म्हणून घर मिळालं असेल तर सरळ 30 टक्के कर आणि वर उपकर, आणि वस्तुरूप बक्षिसाचा कर भरल्याशिवाय ते हाती देता येत नाही. तो कोण भरणार हे आधी लिहून घ्यावं.

अमेरिकेत त्या कार्यक्रमानं करावर एक वाट काढली होती. तिथे वर्षात पंधरा दिवसांहून कमी काळ घर भाड्यानं दिलं तर ते भाडं करमुक्त असतं. म्हणून शूटिंगच्या काळापुरतं घर भाड्यानं घेतल्याचं दाखवून बांधकामाची किंमत त्या भाड्यात धरली. करतज्ज्ञांनी त्यावर तेव्हाच प्रश्न उपस्थित केले होते. आपल्या कायद्यात अशी पळवाट नाही.

जागा कोणाची

हा मुद्दा खरं तर सगळ्यात आधी तपासायचा. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन भावांची नावं असतील आणि एकाच्या खोल्या नव्या झाल्या, तर भांडण ठरलेलं. भाडेकरू असेल तर परिस्थिती आणखी नाजूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं हे घर खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. म्हणजे चांगल्या मनानं बांधलेली भिंतच त्या कुटुंबाला बाहेर काढू शकते. तोंडी ‘हो’ पुरत नाही, सहीचा कागद हवा.

सरकारी घरकुलाशीही याचा संबंध आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत अट असते की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला महाराष्ट्रातल्या शहरी योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळत आले आहेत. एका खोलीचं घाईनं केलेलं ‘मेकओव्हर’ स्वीकारून तो हक्क जात असेल तर आधी हिशेब करावा. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा प्रकल्प उभा राहिला, त्याची पायाभरणी 9 जानेवारी 2019 ला झाली आणि पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला दिली गेली. जमीन, रस्ते, पाणी, ड्रेनेज यांसह घर द्यायला एवढा काळ लागतो.

पैसे पाठवण्याआधी आणि सही करण्याआधी

क्यूआर कोड दाखवून मदत मागितली असेल तर खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहा. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातला नोंदणी क्रमांक आणि 80जी मान्यता विचारा. ही मान्यता असेल तरच तुम्हाला करसवलत मिळते, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती सवलत जाते. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून काम झालं असं सांगितलं जात असेल तर त्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ते दिसायला हवं. ज्याला विचारलं की राग येतो, त्याला पैसे देऊ नयेत.

कुटुंबाची निवड झाली असेल तर करार मराठीत मागा आणि दोन दिवस घरी ठेवून वाचा. चित्रीकरण किती वर्षं वापरणार, मुलांचे चेहरे आणि आजारपणाचे कागद दाखवणार का, नको असेल तर व्हिडिओ काढून टाकता येईल का, हे त्यात हवं. काम सुरू असताना कुटुंब कुठे राहणार आणि त्याचं भाडं कोण देणार, तेही हवं. मजुराला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, हे लिहून नसेल तर पोलीस घरमालकाच्या दारात येतात. सामानाची यादी करून प्रत्येक वस्तूपुढे ‘कायमची’ किंवा ‘चित्रीकरणापुरती’ असं लिहून घ्या. परत नेलेल्या सोफ्यावरची शंका तिथेच मिटते.

घर ताब्यात घेताना वायरिंगचा आणि पाइपांचा नकाशा, पंपाची आणि वॉटरप्रूफिंगची हमीपत्रं, मंजूर नकाशा आणि सळईची बिलं मागून फाइलमध्ये लावा. गच्चीवर आणि न्हाणीघरात 48 तास पाणी साठवून खालून ओल येते का, हे रंग देण्याआधी पाहा. शेवटची अट ठेकेदाराबद्दलची: एकूण रकमेच्या पाच टक्के रक्कम राखून ठेवायची आणि पहिला पावसाळा संपल्यावरच द्यायची. सोलापुरात मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात येतो, म्हणून तारीख जूनची घालू नये, ऑक्टोबरअखेरची घालावी.